समृद्धीवर कुठे उतरायचं, हे घरूनच ठरवून निघा

समृद्धी महामार्गावर माणसं चुकतात ती उतरताना. नागपूरजवळच्या शिवमडक्यापासून भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंत ७०१ किलोमीटरमध्ये चढण्या-उतरण्याच्या जागा २४. म्हणजे सरासरी तीसेक किलोमीटरला एक. मधे चौक नाही, यू-टर्न नाही. एक इंटरचेंज सुटलं की पुढच्यापर्यंत जायचं, टोल भरून बाहेर पडायचं आणि तेवढंच अंतर उलटं यायचं. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला तेव्हापासून मी या रस्त्याने वर्षातून आठ-दहा वेळा नागपूर-नाशिक करतो. ‘मॅपवर टाका नि निघा’ हा सल्ला ऐकला की मला अजून राग येतो.

१. गाडी

टायर, हवा, इंधन, फास्टॅगमधली शिल्लक बघा. दुचाकी आणि रिक्षाला इथे बंदी आहे.

२. गावाचं नाव पुरत नाही, तालुका विचारा

मी फसलो ते इथेच. भाच्याचा साखरपुडा होता, मुलीकडचे नाशिकचे. मुलीच्या वडिलांनी फोनवर सांगितलं, ‘हॉल गोंद्यात आहे, हायवेला लागूनच.’ मी मॅपवर गोंदे टाकलं, पहिलंच नाव आलं गोंदे इंटरचेंज. पहाटे साडेचारला निघालो आणि अकराच्या सुमारास तिथे उतरलो. मुहूर्त साडेअकराचा, अंगठीची डबी ताईच्या हातात. टोलवरच्या मुलाला हॉल विचारला तर तो म्हणाला, ‘कुठलं गोंदे, काका? हे सिन्नरचं. तुम्हाला गोंदे दुमाला पाहिजे असंल, वाडीवऱ्हेजवळचं.’ ते गोंदे इगतपुरी तालुक्यात, मुंबई-नाशिक हायवेवर. मुलीच्या वडिलांच्या तोंडी हायवे म्हणजे तो, माझ्या डोक्यात हायवे म्हणजे समृद्धी. सिन्नर, घोटी करत पोचेपर्यंत साडेबारा वाजले. ताई वाटेत एक शब्द बोलली नाही, नुसती डबी उघडझाप करत होती.

हा घोळ एकट्या गोंद्याचा नाही. समृद्धीवरचं मालेगाव वाशीम जिल्ह्यातलं. नाशिक जिल्ह्यातल्या मालेगावला जाणाऱ्याने ती पाटी पाहून स्टिअरिंग वळवलं तर तो शेकडो किलोमीटर आधीच उतरेल. सावंगी इंटरचेंज छत्रपती संभाजीनगरजवळ आहे, पण वर्ध्याला लागून सावंगी मेघे आहे आणि तिथे दवाखान्यासाठी सारखी माणसं जात असतात. पेशंट गाडीत असताना ही चूक परवडत नाही. त्यांनी येळाकेळीला उतरावं. विरूळ वर्धा जिल्ह्यात, लेण्यांचं वेरूळ संभाजीनगर जिल्ह्यात. घाईत टाइप करताना बोट एकाच अक्षराने चुकतं. कारंजाही दोन. इंटरचेंज आहे ते कारंजा लाडला, वाशीम जिल्ह्यात. दुसरं कारंजा घाडगे, वर्धा जिल्ह्यात. सेलडोह आणि शेलू बाजार ही नावंही मागच्या सीटवरून ऐकताना एकसारखी वाटतात.

म्हणून बोलावणाऱ्याला तीनच गोष्टी विचारा: तालुका कोणता, जिल्हा कोणता, आणि गाव कोणत्या रस्त्यावर आहे. ‘लोकेशन पाठवतो’ म्हणाला तरी विचारा. लोकेशन पाठवणाराही कधी कधी गावाचं नाव टाइप करून पहिलं येईल ते पाठवतो.

३. कागदावर लिहा

मोबाइल असला तरी लिहा. आपलं इंटरचेंज, त्याच्या आधीचं आणि नंतरचं, एवढी तीन नावं मोठ्या अक्षरांत. आधीचं दिसलं की सावध व्हायचं, नंतरचं दिसलं तर चुकलो हे लगेच कळतं. जिल्ह्यांचा क्रमही लिहून ठेवा: नागपूर, वर्धा, अमरावती, वाशीम, बुलढाणा, जालना, संभाजीनगर, अहिल्यानगर, नाशिक, ठाणे. किलोमीटरची मोजणी नागपूरकडून होते; शिर्डी साधारण ५२०, भरवीर ६००, इगतपुरी ६२५. कागद शेजारी बसणाऱ्याकडे द्या आणि त्याला झोपू देऊ नका.

४. कशासाठी कुठे

लोणारला मेहकर. मुंबईकडून शेगावला जायचं तरी मेहकरच. तिथून लोणार एका बाजूला, खामगाव-शेगाव दुसऱ्या. जिजाऊंच्या जन्मस्थानासाठी सिंदखेडराजा, त्यात चुकायला जागा नाही. वैजापूरला जांबरगाव. शिर्डीला कोपरगावजवळचं इंटरचेंज.

संभाजीनगरपाशी मात्र नीट बघा, कारण शहराच्या आसपास तीन इंटरचेंज आहेत. शेंद्रा औद्योगिक वसाहतीसाठी. सावंगी जळगाव रस्त्यावर, म्हणून फुलंब्री-सिल्लोडमार्गे अजिंठ्याला जाणाऱ्यांनी तिथे उतरावं. माळीवाडा दौलताबादपाशी, म्हणून वेरूळ, खुलताबाद, देवगिरी किल्ला बघायचा तर ते. ‘संभाजीनगर आलं, उतरू या’ असं म्हणून पहिल्यालाच बाहेर पडलात तर शहराची गर्दी अंगावर घ्याल.

मुंबईकडे जाताना इगतपुरी चुकवू नका. ते सुटलं की पुढे जवळपास आठ किलोमीटरचा बोगदा, आणि उतरायला थेट शहापूर तालुक्यातलं खुटघर. आणि आमणे म्हणजे मुंबई नव्हे. समृद्धी तिथे संपते, पुढे भिवंडी-ठाण्याची वाहतूक तुमची वाट बघत असते. विमान पकडायचं असेल तर तो वेळ वेगळा धरा.

५. उतरताना

१२० च्या वेगात एक किलोमीटर ३० सेकंदांत संपतो. त्यामुळे पहिली पाटी दिसताच डावी लेन धरा, वेग मात्र बाहेर पडायच्या लेनमध्ये गेल्यावरच कमी करा. मुख्य लेनमध्ये ब्रेक मारला तर मागचा ट्रक थांबू शकत नाही.

आणि फाटा सुटलाच तर गाडी मागे घ्यायची नाही. कडेला थांबून मॅपही बघायचा नाही. मी स्वतःच्या डोळ्यांनी एक गाडी फाट्यासाठी रिव्हर्स येताना पाहिली आहे, मागच्या काचेत शाळेच्या वयाची दोन पोरं दिसत होती. तसेच पुढे जा. पुढच्या इंटरचेंजला उतरा, टोल भरा, उलट दिशेने परत चढा. तासभर उशीर होईल, तो होऊ द्या. वाट बघणाऱ्यांना तसं कळवायचं काम शेजारी कागद घेऊन बसलेल्याचं.