इमिग्रेशन कन्सल्टंटकडे फाइल सोपवताना या चुका टाळा

कारेलीबागेत किंवा दांडिया बाजारात राहणारा मुलगा एम. एस. युनिव्हर्सिटीतून पदवी घेतो, मकरपुऱ्याच्या एखाद्या कारखान्यात दोन-तीन वर्षे नोकरी करतो आणि मग कॅनडाची फाइल लावण्यासाठी अलकापुरीतल्या किंवा सयाजीगंजातल्या कन्सल्टंटचे ऑफिस गाठतो, हे बडोद्यातल्या मराठी घरांना आता नवे नाही. जाणकाराची मदत घेण्यात गैर काहीच नाही, कारण नियम सतत बदलतात आणि फॉर्म खरोखरच किचकट असतात. मात्र अर्ज अर्जदाराचा असतो, सही त्याची असते आणि आत लिहिलेल्या प्रत्येक माहितीची जबाबदारीही कायद्याने त्याच्यावरच येते. एकदा फी भरली की घरातले सगळे नेमकी हीच गोष्ट विसरतात आणि पुढच्या बहुतेक चुका त्यातूनच होतात. बडोद्यातून कॅनडाची विचारणा बरीच होत असल्याने इथली उदाहरणेही मुख्यतः त्याच देशाची घेतली आहेत.

परवाना कोणाच्या नावावर आहे, हे न विचारणे

कॅनडाच्या इमिग्रेशन कायद्याच्या ९१व्या कलमानुसार पैसे घेऊन सल्ला देण्याचा किंवा प्रतिनिधी म्हणून काम करण्याचा अधिकार मोजक्याच लोकांना आहे: तिथल्या प्रांतांतील वकील संघटनांचे सदस्य, क्वेबेकचे नोटरी आणि ‘कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्स’ या नियामक संस्थेचे परवानाधारक. ही संस्था नोव्हेंबर २०२१ पासून काम पाहते आणि तिची नोंदवही इंटरनेटवर कोणालाही फुकट पाहता येते. भिंतीवर लावलेल्या फ्रेमवर विश्वास ठेवण्यापेक्षा त्या नोंदवहीत नाव आणि परवाना क्रमांक शोधावा, परवाना सध्या चालू आहे का ते पाहावे आणि त्या व्यक्तीवर पूर्वी शिस्तभंगाची कारवाई झाली आहे का, हेही तपासावे.

बऱ्याच ठिकाणी परवाना असलेली व्यक्ती कॅनडात असते आणि बडोद्याच्या ऑफिसात फक्त समुपदेशक बसतात. अशा वेळी फी भरण्यापूर्वी त्या परवानाधारकाशी व्हिडिओ कॉलवर बोलण्याचा आग्रह धरावा, आणि फॉर्म आयएमएम ५४७६ वर, म्हणजे प्रतिनिधी नेमल्याच्या फॉर्मवर, त्याचेच नाव असल्याची खात्री करावी. ‘आम्ही तुमच्या नावानेच अर्ज भरू, आमचे नाव कुठे येणार नाही,’ असे कोणी सांगितले तर तिथून सरळ उठावे, कारण प्रतिनिधीचे नाव लपवून पैसे घेणारा माणूस अडचणीच्या दिवशीही अदृश्यच राहतो.

इतर देशांतही अशाच नोंदवह्या आहेत. ब्रिटनमध्ये हे काम इमिग्रेशन ॲडव्हाइस ऑथॉरिटी पाहते, जिचे नाव जानेवारी २०२५ पर्यंत ओआयएससी होते. न्यूझीलंडचा परवान्याचा नियम देशाबाहेर बसून सल्ला देणाऱ्यांनाही लागू होतो. देशाबाहेरून फक्त विद्यार्थी व्हिसासाठी दिलेल्या सल्ल्याला त्यातून सूट आहे.

भरलेला फॉर्म न वाचता सही करणे

ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. कॅनडाच्या फॉर्ममध्ये असा प्रश्न असतो की, कॅनडाने किंवा इतर कोणत्याही देशाने तुम्हाला कधी व्हिसा नाकारला आहे का. चार वर्षांपूर्वी अमेरिकेचा टुरिस्ट व्हिसा नाकारला गेलेला असतो, ऑफिसातला कर्मचारी ‘कशाला उगाच दाखवायचे’ म्हणून ‘नाही’वर खूण करतो आणि अर्जदार फॉर्म न पाहता सही करून मोकळा होतो. कॅनडा, अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड हे पाच देश इमिग्रेशनची माहिती एकमेकांशी ताडून पाहतात, त्यामुळे जुना नकार सहज समोर येतो. नकार आला होता एवढ्यावरून सहसा अर्ज बुडत नाही. तो लपवला तर मात्र ४०व्या कलमाखाली चुकीची माहिती दिल्याचा ठपका बसतो आणि पाच वर्षांची बंदी येते. फॉर्म एजंटने भरला होता, ही सबब तिथे सहसा चालत नाही.

२०२३ मध्ये पंजाबातल्या अनेक विद्यार्थ्यांवर कॅनडातून परत पाठवले जाण्याची वेळ आली, कारण एजंटने दिलेली प्रवेशपत्रे बनावट निघाली. आपण फसवलो गेलो, हे सिद्ध करण्याचे ओझे त्या मुलांवर पडले. १ डिसेंबर २०२३ पासून कॅनडाचे इमिग्रेशन खाते प्रवेशपत्र थेट संबंधित कॉलेजकडून पडताळून घेते. तरीही प्रवेश निश्चित झाल्याचा ईमेल आपण स्वतः कॉलेजला पाठवून खात्री करून घेणे केव्हाही चांगले.

आता आपल्या घरांत हमखास घडणारी गोष्ट. मुलगा कायम वास्तव्याचा अर्ज ‘अविवाहित’ म्हणून करतो, उत्तर यायला वेळ लागतो, मधल्या काळात स्थळ जुळते आणि लग्न होते. ‘निकाल आला की मग कळवू’ असे कन्सल्टंट सांगतो आणि घरचेही मान डोलावतात. पण तिथे पोहोचून कायम रहिवासी होण्यापूर्वी पत्नीची माहिती दिली नाही, तर नियम ११७(९)(ड) प्रमाणे पुढे तिला कुटुंब म्हणून बोलावून घेणे जवळजवळ अशक्य होते. लग्न असो, मूल असो, नोकरी बदललेली असो, लगेच कळवावे आणि कळवल्याची पोच स्वतःकडे ठेवावी.

नावांचा घोळ हाही खास बडोद्याचा प्रश्न आहे. गायकवाड हे आडनाव बोर्डाच्या गुणपत्रिकेवर इंग्रजीत ‘ए-ई’ने लिहिलेले आणि पासपोर्टवर ‘ए-आय’ने, अशी उदाहरणे नेहमी दिसतात. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे असा क्रम असतो आणि पासपोर्टवर तो वेगळा असतो. जन्मदाखल्यावर ‘बडोदा’, आधारवर ‘वडोदरा’. कोणत्याही परक्या अधिकाऱ्याला या सगळ्यांत एकच माणूस आणि एकच गाव दिसेल, असे गृहीत धरू नये. एकच व्यक्ती असल्याचे प्रतिज्ञापत्र आणि साध्या भाषेतले स्पष्टीकरणपत्र सुरुवातीलाच जोडावे. हे काम कन्सल्टंटच्या यादीत नसेल, तर आपण करून घ्यावे.

पैशांच्या बाबतीत सैल राहणे

‘शंभर टक्के व्हिसा’ ही हमी कोणीही देऊ शकत नाही, कारण निर्णय अधिकाऱ्याचा असतो. करारात कोणते काम, कोणत्या टप्प्यावर किती फी, सरकारी शुल्क वेगळे की एकत्र आणि नकार आल्यास काय परत मिळेल, हे लेखी असावे. प्रत्येक रकमेची जीएसटीसह पावती घ्यावी आणि रोख टाळावी.

विद्यार्थ्यांकडून फी न घेणाऱ्या ऑफिसांचे उत्पन्न बहुधा कॉलेजांकडून मिळणाऱ्या कमिशनवर चालते. त्यात लपवण्यासारखे काही नाही, पण सुचवलेला कोर्स विद्यार्थ्याच्या हिताचा आहे का, हे मग त्याच्या आईवडिलांनीच तपासायला हवे. सरकारी कॉलेजचा अभ्यासक्रम खासगी संस्थेत शिकवला जातो अशा कोर्सना १५ मे २०२४ नंतर प्रवेश घेणाऱ्यांना शिक्षणानंतरचे वर्क परमिट मिळत नाही. आणि पदवीखालच्या अनेक कोर्सना १ नोव्हेंबर २०२४ पासून ठरावीक विषयांची अट लागली आहे. वर्क परमिटवर सगळा हिशेब मांडून घरावर कर्ज काढणाऱ्या कुटुंबाला हे आधी माहीत असणे अत्यंत गरजेचे आहे.

खात्यात पैसे दाखवण्यासाठी अर्जाच्या तोंडावर कुणाकडून तरी पंधरा लाख वळते करून घेण्याचा सल्ला मिळाला, तर तो मानू नये. अधिकारी शिल्लक पाहतो, तसाच तिचा उगमही पाहतो. मामांनी किंवा आजोबांनी खरोखर पैसे दिले असतील, तर बक्षीसपत्र आणि त्यांच्या खात्याचा उतारा जोडावा.

लॉगिन आणि मूळ कागद दुसऱ्याच्या हाती देणे

अनेक ऑफिसे स्वतःच ईमेल तयार करून त्यावर अर्जदाराचे खाते उघडतात आणि पासवर्ड देत नाहीत. बायोमेट्रिक्सच्या, म्हणजे बोटांचे ठसे आणि फोटो देण्याच्या, पत्रानंतर साधारण तीस दिवसांत अहमदाबादच्या केंद्रावर जावे लागते. ते पत्र दुसऱ्याच्या इनबॉक्समध्ये पडून राहिले, तर दोष कोणाचा, यावर वाद घालून काही मिळत नाही. ईमेल आणि मोबाइल क्रमांक आपलाच द्यावा आणि पाठवलेल्या अर्जाची संपूर्ण पीडीएफ त्याच दिवशी मागून घ्यावी. मूळ पासपोर्ट आणि पदवीची प्रमाणपत्रे कोणत्याही ऑफिसात ठेवू नयेत.

नकार आल्यावर काय करावे

लगेच त्याच कागदांनिशी पुन्हा अर्ज करणे ही घाईतली चूक आहे. नकारपत्रातली कारणे बहुधा ठरावीक साच्याची असतात, त्यामुळे आधी अधिकाऱ्याच्या नोंदी, ज्यांना जीसीएमएस नोट्स म्हणतात, मागवाव्यात. त्यासाठी पाच कॅनेडियन डॉलर शुल्क आहे आणि कॅनडात असलेल्या व्यक्तीमार्फत संमतिपत्र देऊन त्या मिळतात. निर्णयच चुकीचा वाटत असेल, तर फेडरल कोर्टात दाद मागता येते, पण कॅनडाबाहेर घेतलेल्या निर्णयासाठी त्याची मुदत साठ दिवसांची आहे आणि ते काम वकिलाचे आहे.

कन्सल्टंट फोन उचलत नसेल, तर फॉर्म ५४७६ वापरूनच त्याची नेमणूक रद्द करता येते. परवानाधारक असेल तर त्याच्याविरुद्ध ‘कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्स’कडे तक्रार करावी. फीच्या वादासाठी जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्ग खुला आहे. आखाती देशांतल्या नोकरीचे आश्वासन असेल, तर तो एजंट भारत सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदणीकृत आहे का ते पाहावे. अशा नोंदणीकृत एजंटच्या सेवाशुल्काची कमाल मर्यादा ३०,००० रुपये अधिक जीएसटी आहे.

आणि पाठवलेल्या अर्जात चुकीची माहिती गेली आहे असे नंतर लक्षात आले, तर अधिकाऱ्याने विचारण्याची वाट न पाहता इमिग्रेशन खात्याच्या वेब फॉर्मवरून स्वतः दुरुस्ती कळवावी, चूक कशी झाली ते पुराव्यासह लिहावे आणि नव्या प्रतिनिधीलाही पहिल्याच भेटीत ते सगळे सांगावे.