काँकर कसा तयार करावा: खरी मेख भोकात

सप्टेंबरच्या शेवटी ब्रिटनमधल्या हॉर्स चेस्टनटच्या झाडांखाली काटेरी फळं फुटून पडू लागतात. आतून निघते ती तपकिरी, पॉलिश केल्यासारखी चकचकीत बी. तिला भोक पाडायचं, नाडी ओवायची आणि समोरच्याच्या बीवर आपटायची. ज्याची फुटली तो हरला. हा खेळ म्हणजे काँकर्स, आणि त्या बीलाही काँकरच म्हणतात. या झाडाच्या बियांनी खेळल्याची सर्वांत जुनी नोंद 1848 सालची, इंग्लंडच्या आइल ऑफ वाइट बेटावरची आहे. त्याआधी हाच खेळ गोगलगाईच्या शंखांनी खेळला जाई.

बहुतेकांचं सगळं लक्ष काँकर टणक कसा होईल याकडे असतं. पण काँकर मऊ असल्याने जितके फुटतात, त्याहून जास्त भोक वाईट पाडल्याने फुटतात. म्हणून खाली भोकाबद्दल जरा लांबण लावली आहे.

वेचणी

झाडाला काठ्या मारू नका. पिकलेली फळं आपोआप पडतात. काठीने पडलेल्या बिया बऱ्याचदा फिकट आणि कच्च्या निघतात. रात्री वारा सुटला असेल तर सकाळी लवकर जा. हिरव्या टरफलाला जेमतेम चीर गेलेलं फळ सर्वांत चांगलं, कारण आतली बी अजून कशावर आपटलेली नसते.

दहा-पंधरा बिया आणा, त्यातून तीन-चारच ठेवायच्या आहेत. गोलसर आणि दोन्ही बाजूंनी सारखी असेल ती घ्या. एका फळात दोन बिया असल्या की त्यांची एक बाजू चपटी होते आणि तिथल्या कडेवर बसलेला फटका सोसत नाही. नखाने दाबल्यावर साल आत जात असेल किंवा बारीक छिद्र दिसत असेल तर ती बी बाजूला काढा. उरलेल्या पाण्याच्या बादलीत टाका. बुडतील त्या भरीव. तरंगतील त्या आतून पोकळ, सुकलेल्या किंवा किडक्या.

एक खबरदारी. भाजून खातात तो गोड चेस्टनट वेगळा. त्याच्या टरफलावर केसांसारखे दाट काटे असतात आणि बीला टोकावर लहानशी शेंडी असते. काँकर विषारी आहे; तोंडात घालू नका, कुत्र्यालाही चघळू देऊ नका. याचा एक भाऊबंद आपल्या हिमालयात वाढतो. गढवालात त्याला पांगर म्हणतात, पण आपल्या लाल फुलांच्या पांगाऱ्याशी त्याचं काही नातं नाही.

भोक

बी ताजी असतानाच, वेचल्यापासून एक-दोन दिवसांत भोक पाडा. ताज्या बीचं जवळपास निम्मं वजन पाण्याचं असतं, त्यामुळे गर ओल्या खोबऱ्यासारखा कापला जातो. महिनाभर वाळवून मग भोक पाडायला गेलात तर आतला गर तडकतो. तो तडा वरून दिसत नाही, पहिल्या फटक्याला मात्र कळतो.

अवजार म्हणजे गिरमिट, किंवा 3 ते 4 मिलिमीटरचं पातं लावलेलं ड्रिल, सर्वांत कमी वेगावर. खिळा किंवा दाभण ठोकून घुसवू नका. त्याने गर कापला जात नाही, बाजूला सरकतो आणि फाकतो. बी हातात धरून भोक पाडणं तर अजिबात नको. चकचकीत सालीवरून टोक घसरून थेट तळहातात जातं. बी मळलेल्या चिकणमातीत अर्धी रोवा किंवा पकडीच्या जबड्यात कापड घालून हलकेच अडकवा. लहान मुलांसाठी हे काम मोठ्यांनीच करावं.

बीवरचा पांढरट गोल डाग वर घ्या आणि त्याच्या मधोमध सुरुवात करा. तिथे साल खडबडीत असल्याने टोक घसरत नाही. सरळ खाली जा. भोक तिरकं गेलं तर एका बाजूची भिंत पातळ राहते आणि बी तिथूनच फुटते. पलीकडे टोक दिसू लागलं की थांबा, बी उलटवा आणि त्या बाजूने उरलेलं भोक पाडा. एकाच दिशेने आरपार घुसवलं तर बाहेर पडताना सालीचा टवका उडतो. शेवटी आतला भुसा फुंकून काढा.

नाडी

बुटाची गोल, सुती नाडी घ्या, 45 ते 50 सेंटिमीटर. नायलॉनचा बारीक दोरा नको, तो करवतीसारखा भोकाची कड कापत जातो. खाली दुहेरी निरगाठ मारा. गाठ भोकापेक्षा ठळक मोठी हवी. लहान असली तर प्रत्येक फटक्यासरशी भोकात शिरते आणि पाचरीसारखी बी आतून फाकवते. वरचं टोक बोटांना दोन वेढे देऊन धरल्यावर मूठ आणि बी यांच्यात किमान 20 सेंटिमीटर नाडी मोकळी राहिली पाहिजे.

टणक करणं

ओवलेले काँकर सावलीत, वारा लागेल असे टांगा. प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवले तर बुरशी येते. दोन-तीन आठवड्यांनी ते आकसून चांगले टणक होतात. वर्षभर खणात पडलेला काँकर सर्वांत चिवट. दिसायला सुरकुतलेला आणि काळवंडलेला असतो, पण त्याच्यासमोर ताज्याचा निभाव लागणं कठीण.

व्हिनेगरमध्ये भिजवून ओव्हनमध्ये भाजण्याचा नुस्खा सर्वांनाच माहीत असतो. आमचा त्याला विरोध आहे, आणि तो फक्त नियमांपुरता नाही. झटपट उष्णतेने बाहेरचा थर आधी आकसतो, साल फाटते आणि गर कडक होतो खरा, पण ठिसूळ. नेलपॉलिशचा थर देणं ही तर उघड लबाडी.

इंग्लंडमधल्या नॉर्थहॅम्प्टनशायरमध्ये 1965 पासून ऑक्टोबरात होणाऱ्या जागतिक स्पर्धेत या सगळ्याला जागाच नाही. तिथे बिया आणि नाड्या आयोजकच देतात, आणि खेळाडू आळीपाळीने तीन-तीन फटके मारतात. घरच्या सामन्याला मात्र आधीच ठरवून घ्या: जुना काँकर चालेल की यंदाचाच?

प्रत्येक सामन्यानंतर भोकाभोवती बोट फिरवून पाहा. केसाएवढी चीर लागली तर तो काँकर निवृत्त करा आणि नाडी काढून पुढच्याला लावा.