वैशाखातला माज पहाटे शोधा

अखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली की रावेर-यावलपासून शिरपूरपर्यंत दूधवाल्यांचं एकच गाऱ्हाणं कानावर येतं: "म्हैस व्यायल्याला चार महिने झाले, अजून माजावर (गाभण राहण्याच्या तयारीत) येत नाही." माझा अनुभव असा, की यातल्या बऱ्याच म्हशी माजावर येऊन गेलेल्या असतात. आपण त्यांना दिवसा बघतो आणि त्या माज दाखवतात रात्री.

चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंशांच्या उन्हात जनावराचा सगळा जीव धापा टाकण्यात जातो. गाय हंबरत नाही, दुसरीवर उडत नाही. म्हशीचा माज तर एरवीही मुका. म्हणून रात्री दहाच्या सुमारास आणि पहाटे उजाडायच्या आत बॅटरी घेऊन गोठ्यात दहा मिनिटं थांबा. बसलेल्या जनावराच्या मागची जमीन पाहा, कारण सोट, म्हणजे माजाचा चिकट स्राव, बऱ्याचदा बसल्यावरच बाहेर पडतो. काचेसारखा स्वच्छ, तार धरणारा सोट, सुजलेलं निरण (योनीचं तोंड), थोडं थोडं मुतणं, पान्हा चोरणं: एवढं जुळलं की माज खरा. सोट पांढुरका, पुवासारखा असेल तर भरवू नका (रेतन करू नका), आधी डॉक्टरांना दाखवा.

पहाटे माज दिसला तर त्याच संध्याकाळी रेतन करा, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. भर दुपारी जनावर चालवत दवाखान्यात नेऊ नका. भरवल्यानंतरचा पहिला आठवडा फार नाजूक असतो. अंग तापलं तर गर्भ तिथेच जिरतो आणि आपण दोष रेतनाला देतो. निंबाची सावली, चोवीस तास गार पाणी, म्हशीच्या अंगावर दिवसातून तीन-चार वेळा पाणी, एवढं तरी करा. पत्र्यावर उसाचं पाचट किंवा केळीची वाळलेली पानं अंथरा. पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं, मात्र टाकू नका, तिच्यात गुलाबी बोंडअळी मुक्काम करते.

मागच्या उन्हाळ्यात आमच्या कालवडीच्या शेपटीला रक्ताचा वाळलेला डाग दिसला. घरचे घाबरले. तो आजार नव्हता, माज एक-दोन दिवसांपूर्वी होऊन गेल्याची खूण होती. अशा वेळी भरवून उपयोग नसतो. मी तारीख कॅलेंडरवर लिहिली, अठराव्या दिवसापासून पहाटेची फेरी धरली. विसाव्या दिवशी माज सापडला आणि ती त्याच वेळी गाभण राहिली. माजाचं चक्र साधारण २१ दिवसांचं. एक माज हुकला की तेवढ्या दिवसांचा चारा फुकट जातो, म्हणून तारीख लिहाच.

वैरणीत नुसता कडबा असेल तर रोज ५० ग्रॅम क्षार मिश्रण द्या, थोडा तरी हिरवा चारा किंवा मुरघास (हवाबंद मुरवलेला हिरवा चारा) मिळवा. केळीच्या खांबात बहुतेक पाणीच असतं, त्यावर जनावर माजावर येणार नाही. तीनदा भरवूनही उलटली, म्हणजे पुन्हा माजावर आली, तर चौथ्यांदा भरवण्याआधी गर्भाशय तपासून घ्या. न उलटलेल्या जनावराची गाभण तपासणी दोन ते तीन महिन्यांत करून घ्या. ती गाभण नसेल तर पोळ्यापर्यंत वाट बघत बसू नका.