शहराचा बिल्डिंग आणि फायर कोड बदलतोय? मसुदा कसा वाचायचा, हरकत कशी लिहायची

शहराने बांधकाम आणि आगीच्या सुरक्षेचे नियम बदलायला काढले की भलामोठा मसुदा वेबसाइटवर पडतो, हरकती-सूचनांना ठराविक मुदत असते, आणि बहुतेक लोक पहिलं पान बघून बंद करतात. मग तो नीट वाचतात फक्त बिल्डर, आर्किटेक्ट आणि सामान विकणाऱ्या कंपन्या. आग लागली की त्या जिन्यावरून उतरायचंय तुम्हाला, म्हणून वाचाच. सगळं वाचायची गरज नाही, कुठे बघायचं ते सांगतो.

आधी जुना नियम आणि नवा नियम शेजारी-शेजारी दाखवणारा तक्ता शोधा, नसेल तर लेखी मागा. बरीच शहरं कोड शून्यातून लिहीत नाहीत, तयार मॉडेल कोड, म्हणजे कोणत्याही शहराला उचलता येईल असा नमुना कोड, घेतात. उदाहरणार्थ अमेरिकेतल्या इंटरनॅशनल बिल्डिंग कोडची नवी आवृत्ती दर 3 वर्षांनी येते, आणि शहर म्हणतं अमुक सालची आवृत्ती लागू, खालील बदल करून. सगळी गोम त्या "खालील बदलां"मध्ये असते, तिथे मूळ कोडमधली एखादी अट गुपचूप गळलेली असू शकते. मूळ कोड ऑनलाइन फुकट वाचता येतो, तो दुसऱ्या टॅबमध्ये उघडा ठेवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं: हे लागू कोणाला? नव्या बांधकामाचे नियम कितीही कडक केले तरी शहरातले बहुतेक लोक आधीच उभ्या असलेल्या इमारतींत राहतात, आणि जुन्या इमारतींना सहसा त्या बांधल्या तेव्हाचाच नियम चालू राहतो. म्हणून "अस्तित्वातील इमारती", "वापर बदल" आणि "दुरुस्ती व नूतनीकरण" ही कलमं दोनदा वाचा, व्याख्यांसकट. लंडनचा ग्रेनफेल टॉवर 1974 चा, पण 2017 च्या आगीत ज्यामुळे ज्वाळा बाहेरून वर चढत गेल्या ते ज्वलनशील क्लॅडिंग (भिंतींवरचं बाहेरचं आवरण) 2016 मध्ये संपलेल्या नूतनीकरणात बसवलेलं होतं. जिना एकच, स्प्रिंकलर (आग लागल्यावर छतातून आपोआप पाणी फवारणारी यंत्रणा) नाहीत, 72 माणसं गेली. तेव्हा मसुद्यात बघा की बाहेरचं आवरण बदलणं "नूतनीकरण" धरलंय का, आणि धरलं तर त्या कामाला नवा नियम लागतो का जुनाच.

मग बाहेर पडायच्या वाटा. जिने किती, किती रुंद, दार कुठल्या बाजूला उघडतं. 1903 मध्ये शिकागोच्या इरोक्वा थिएटरमध्ये 600 हून जास्त माणसं मेली, तिथली काही दारं आत उघडणारी होती आणि काही कुलूपबंद. आज इंटरनॅशनल बिल्डिंग कोडमध्ये 50 किंवा जास्त माणसांच्या जागेचं दार बाहेर पडण्याच्या दिशेनेच उघडायला लागतं. तुमच्या मसुद्यात हा आकडा वाढवलाय का ते तपासा. जिन्याला फायर डोअर, म्हणजे आग अडवणारं दार, हवं, आणि ते आपोआप बंद व्हायला हवं, कारण आगीत जास्त माणसं धुराने मरतात आणि उघडा राहिलेला जिना म्हणजे धुराची चिमणीच. वायर आणि पाइप जिथून मजल्या-मजल्यातून जातात ती भोकं बुजवायची सक्ती आहे का तेही बघा, हे काम स्वस्त आहे आणि नेहमी राहून जातं.

कधीकधी नियम सैलही होतात, आणि ते दरवेळी वाईटच असतं असं नाही. सिएटलमध्ये 6 मजल्यांपर्यंत एक जिना चालतो, पण त्याबदल्यात स्प्रिंकलर लागतात आणि मजल्यावरच्या घरांच्या संख्येवर मर्यादा आहे. म्हणजे सूट दिसली की विचारा, बदल्यात काय मागितलंय? काहीच नसेल तर तिथे हरकत घ्या.

हरकत लिहिताना "सुरक्षेकडे लक्ष द्यावे" असलं काही लिहू नका, त्याची नोंद होते आणि पुढे काही होत नाही. कलमाचा नंबर, आत्ताचे शब्द, तुम्हाला हवे ते शब्द, आणि दोन ओळीत कारण, बस. असं: "कलम अमुकमध्ये फायर डोअरची तपासणी 'वेळोवेळी' असं आहे, तिथे 'दर 6 महिन्यांनी, लेखी नोंदीसह' असं करावं, कारण वेळोवेळी म्हणजे कधी हे कोणालाच तपासता येत नाही." एका कलमाला एक हरकत. शेजाऱ्यांनीही द्यावी, पण एकच मजकूर सगळ्यांनी कॉपी-पेस्ट करू नका, आपापल्या इमारतीतलं उदाहरण घाला.

खर्चाची भीती असेल तर अख्ख्या नियमाला विरोध करण्यापेक्षा टप्पे मागा, आधी अलार्म, डोअर क्लोजर (दार आपोआप बंद करणारं उपकरण) आणि भोकं बुजवणं, स्प्रिंकलरला जास्त मुदत. माझ्या मते जुन्या इमारतींसाठी हाच सगळ्यात पटणारा मुद्दा आहे. पाठवलेल्याची पोच घ्या, सुनावणी असेल तर जा, आणि कोड मंजूर झाला की अंतिम प्रत उघडून तुमच्या कलमाचं काय झालं आणि नियम कुठल्या तारखेपासून लागू आहे ते बघा, कारण त्या तारखेच्या आधी दाखल झालेले प्लॅन बऱ्याचदा जुन्या नियमानेच पास होतात.