गरोदर महिला आणि नवमातांच्या विरंगुळा मेळाव्यासाठी तयारीची यादी

नागपुरातील आपल्या वस्तीतील गरोदर महिला आणि नुकत्याच बाळंत झालेल्या मातांसाठी दर आठवड्याला तासदीड तासाचा विरंगुळ्याचा मेळावा सुरू करायचा ठरले, की चर्चा लगेच कार्यक्रमांकडे वळते. माझे मत असे की सर्वांत आधी एका कागदावर, आपल्या वस्तीतील कोणती स्त्री या मेळाव्याला येऊ शकणार नाही आणि तिला नेमके काय अडवते, हे लिहून काढावे. जागा, वेळ, खेळ, खाऊ या पुढच्या सर्व गोष्टी त्या कागदावरून ठरवाव्यात. चार घरची धुणीभांडी करणारी, छत्तीसगडहून किंवा बालाघाटकडून बांधकामाच्या कामावर आलेली, ऐकू न येणारी, चाकाच्या खुर्चीवर वावरणारी, नवऱ्यापासून वेगळी राहणारी, बाळ दत्तक घेतलेली, सासूच्या परवानगीशिवाय बाहेर न पडणारी, अशा प्रत्येकीची अडचण वेगळी असते. घरोघरच्या नोंदी आशाताई आणि अंगणवाडी सेविकांकडे असतात, पण त्यांच्याकडे नावांची यादी मागू नये. ती माहिती विश्वासाने दिलेली असते. त्यांनी आपले निमंत्रण घरी पोचवावे आणि नाव कळवायचे की नाही, हे त्या स्त्रीने ठरवावे, एवढीच विनंती करावी. निमंत्रण मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत असावे, आणि त्यात सासूबाई किंवा आई सोबत आल्या तरी चालेल, असे स्पष्ट लिहावे.

जागा निवडताना तळमजल्याची अट सोडू नये. समाजभवन, बुद्धविहाराचे सभागृह, महापालिका शाळेचा वर्ग किंवा एखाद्या मंगल कार्यालयाचा लहान हॉल यांपैकी काहीही चालेल. मात्र जागा एखाद्या प्रार्थनास्थळाला लागून असेल, तर दुसऱ्या समाजाच्या स्त्रियांना तिथे मोकळे वाटेल का, हे त्यांनाच विचारावे आणि गरज पडल्यास दोन जागा आलटून पालटून वापराव्यात. जागा पाहायला कार्यकर्त्यांसोबत आठव्या-नवव्या महिन्यातील एखादी स्त्री आणि चाकाची खुर्ची वापरणारी एखादी स्त्री यांना न्यावे, कारण पायरीची उंची, दाराची रुंदी आणि स्वच्छतागृहापर्यंतचे अंतर त्यांच्याइतके अचूक कोणाला कळत नाही. स्वच्छतागृहात कमोड आहे का, आतली कडी नीट लागते का, उठताना धरायला आधार आहे का, फरशी घसरडी नाही ना, पाणी सकाळीच संपत नाही ना, हे सर्व प्रत्यक्ष तपासावे. केवळ सतरंजी अंथरून भागत नाही. दिवस भरत आलेल्या स्त्रीला जमिनीवरून उठणे कठीण जाते, म्हणून हात टेकता येतील अशा भक्कम खुर्च्या, आणि खाली बसू इच्छिणाऱ्यांसाठी गाद्या व लोड, असे दोन्ही ठेवावे.

नागपुरात वेळेचा प्रश्न उन्हाशी बांधलेला आहे. मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांच्या घरात जातो, आणि अतिउष्णतेत व्यायाम टाळावा, असे जागतिक आरोग्य संघटनेने गरोदर स्त्रियांसाठी स्पष्ट सांगितले आहे. त्यामुळे मार्च सरला की बागेतील कार्यक्रम पूर्णपणे बंद करून सभागृहात यावे. तिथे कूलर असेलच. त्याच्या लोखंडी पेटीत विजेचा प्रवाह उतरत नाही, याची खात्री इलेक्ट्रिशियनकडून करून घ्यावी, रांगती बाळे त्याच्यापासून लांब राहतील अशी मांडणी करावी आणि टाकीतले पाणी दर आठवड्याला उपसून टाकी घासावी, कारण साचलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास वाढतात. हिवाळ्यात मात्र दुपारचे सौम्य ऊन हाताशी असते, तेव्हा धंतोली उद्यानासारख्या जवळच्या बागेत सपाट वाटेवर चालण्याचा कार्यक्रम ठेवावा. वार ठरवताना रोजंदारीवर जाणाऱ्या स्त्रियांची सुटी विचारात घ्यावी. सर्वांना सोयीचा एक वार मिळाला नाही, तर महिन्यातील एक मेळावा सुटीच्या दिवशी ठेवावा.

हालचालींच्या बाबतीत भीती आणि उत्साह दोन्ही आवरावे लागतात. डॉक्टरांनी मनाई केलेली नसेल तर गरोदर आणि बाळंत स्त्रियांनी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची मार्गदर्शिका सांगते. तीच मार्गदर्शिका पहिल्या तिमाहीनंतर उताणे झोपून करायचे व्यायाम आणि पडण्याचा धोका असलेले खेळ टाळायला सांगते. म्हणून फुगडी आणि दोरीवरच्या उड्या बाजूला ठेवून चालणे, हलके ताण देणारे व्यायाम आणि संथ श्वसन यांवर भर द्यावा. सिझेरियन झालेल्या मातेने डॉक्टरांना विचारूनच हळूहळू सुरुवात करावी. रक्तस्राव, अंगावरून पाणी जाणे, चक्कर, दम लागणे, छातीत दुखणे, तीव्र डोकेदुखी, वेदनेसह येणाऱ्या कळा किंवा पोटरीत दुखून सूज येणे यांपैकी काहीही दिसले की व्यायाम थांबवून डॉक्टरांशी संपर्क साधावा, ही सूचना दोन्ही भाषांत भिंतीवर लावावी आणि प्रत्येक वेळी वाचूनही दाखवावी. १०२ आणि १०८ हे रुग्णवाहिकांचे क्रमांक, तसेच प्रत्येकीने नाव नोंदवलेले रुग्णालय, मग ते डागा, मेडिकल, मेयो यांसारखे सरकारी असो वा खासगी, एका वहीत लिहून ठेवावे.

खेळ आणि गाणी निवडताना कोण बाजूला पडते, हे पाहावे. हळदीकुंकू ठेवले की विधवा स्त्री कोपऱ्यात जाते, उखाण्याचा आग्रह धरला की नवऱ्याचे नाव घ्यावेसे न वाटणारी गप्प होते, आणि पेढा की बर्फी हा डोहाळजेवणातला खेळ दोन मुलींच्या आईला नको तिथे टोचतो. हे तिन्ही प्रकार मी यादीतून सरळ वगळेन. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत म्हटली जाणारी भुलाबाईची गाणी आपल्या विदर्भात अनेकींना पाठ असतात. ती बसल्या जागी, टाळ्यांच्या तालावर म्हणता येतात आणि त्यांत दुसऱ्या भाषेतील गाण्यांचीही भर घालता येते. जुन्या सुती साड्यांची दुपटी, झबली आणि कुंच्या शिवणे हा उद्योग तर ऐकू न येणाऱ्या स्त्रीलाही इतरांच्या बरोबरीने सामील करून घेतो.

बाळे सांभाळायला दोन जाणत्या स्त्रिया आणि थोरल्या मुलांसाठी वेगळा कोपरा आधीच ठरवावा, नाहीतर आईचा सगळा वेळ मुलामागे धावण्यात जातो. स्तनपानासाठी पडदा लावलेली जागा असावी, पण तिथे जाण्याची सक्ती नसावी, आणि बाटलीने दूध पाजणाऱ्या आईला कोणी कारण विचारू नये, हे स्वयंसेविकांना बजावून ठेवावे. खाण्याचे थोडक्यात सांगायचे तर पोहे ठेवावेत, तर्री वेगळ्या भांड्यात द्यावी, गरोदरपणातील मधुमेह असलेल्यांसाठी फुटाण्यांसारखा बिनसाखरेचा पदार्थ असावा आणि पाणी उकळलेले असावे.

मनाच्या तयारीसाठी एक माणूस स्वतंत्रपणे नेमावा. बाळंतपणानंतर दोन आठवड्यांहून अधिक काळ टिकणारी उदासी, झोप उडणे किंवा बाळाविषयी काहीच न वाटणे याला नखरे न समजता त्या मातेला डॉक्टरांकडे न्यावे, आणि टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक निमंत्रणावरच छापावा. मेळाव्यात येणाऱ्या एखादीचा गर्भपात झाला किंवा बाळ गेले, तर तिचे नाव गटातून परस्पर काढू नये. तिच्या ओळखीच्या एकीने घरी जाऊन, तिला यायचे आहे का, की काही काळ निरोपही नको आहेत, हे तिलाच विचारावे. सव्वा महिना घराबाहेर न पडणाऱ्या बाळंतिणीकडे दोघींनी जाऊन अर्धा तास बसावे. छायाचित्रे प्रत्येकीला विचारूनच काढावीत आणि बाळांची तर कोठेही टाकू नयेत. मेळावा झाल्यावर दुसऱ्याच दिवशी, न आलेल्यांची चौकशी कोण करणार, त्या स्वयंसेविकेचे नावही आधीच वहीत लिहून ठेवावे.