सार्वमतात आपलं मत नेमकं कशाला, ते आधी बघा

२०२० च्या ऑक्टोबरमध्ये कॅलिफोर्नियात एका दुकानाच्या दारात क्लिपबोर्डवाल्याने मला थांबवलं. “फ्लेवर्ड तंबाखूचं काय करायचं ते लोकांनाच ठरवू द्या,” म्हणाला. मला वाटलं, बंदीसाठीच सह्या गोळा करतोय. तोंडावर मास्क, दोन्ही हातांत पिशव्या. ठोकली सही आणि निघाले. घरी आल्यावर कळलं, विक्रीवर बंदी घालणारा कायदा ऑगस्टमध्येच मंजूर झाला होता आणि माझी सही तो अडवायला होती.

तेव्हापासून इथली मतपत्रिका हातात आली की मी आधी एकच गोष्ट शोधते: हा कायदा झालेला आहे की व्हायचा आहे? लोकांनी सह्या करून आणलेला नवा प्रस्ताव असेल तर गोंधळ नसतो. पण विधिमंडळाने केलेला कायदा कोणी सह्या करून रोखला असेल, म्हणजे सार्वमत असेल, तर २०२३ च्या बदलाआधी प्रश्न उलटा व्हायचा. तेव्हा ‘होय’ म्हणजे कायदा राहू दे, ‘नाही’ म्हणजे रद्द करा असं असायचं. याच तंबाखूबंदीवरचा नोव्हेंबर २०२२ चा प्रस्ताव ३१ असाच होता. सार्वमत मागणारेच ‘नाही’ म्हणा सांगत होते!

माझा लेक तेव्हा पहिल्यांदा मत देणार होता. “आई, बंदी हवी असेल तर ‘नाही’ ना?” त्याला मतपत्रिकेवरची ओळ मोठ्याने वाचायला लावली: ‘होय’ मत २०२० चा कायदा मंजूर करतं, ‘नाही’ मत फेटाळतं. दोनदा वाचल्यावर, “अरेच्चा!”

मग बघायचं, कायद्यात नक्की काय येतं. इथे ऐकीव माहितीवर जाऊ नका. आमच्या ओळखीतले एक काका ठामपणे सांगायचे की खिशात व्हेप (ई-सिगारेट) सापडला तरी दंड होणार. साफ चूक. दंड दुकानदाराला होता, दर वेळी २५० डॉलर. जवळ बाळगणाऱ्याला काहीच नाही. मेंथॉल (पुदिन्यासारख्या थंड स्वादाची) सिगारेट बंदीत होती, आणि मोठा वाद तिच्यावरच होता, कारण २००९ च्या केंद्रीय कायद्याने सिगारेटमधले बाकीचे स्वाद काढले, मेंथॉल तेवढं ठेवलं. उलट ठरावीक दुकानांतला हुक्क्याचा तंबाखू, महागडे सिगार आणि पाइपचा सुटा तंबाखू बंदीबाहेर. का, ते ज्याने त्याने ओळखावं.

हे सगळं घरी येणाऱ्या सरकारी मतदार पुस्तिकेत असतं. तिच्यात आधी विधिमंडळाच्या विश्लेषकाचं टिपण वाचा. रुक्ष असतं, पण तो कोणाची बाजू घेत नाही. दोन्ही बाजूंचे युक्तिवाद शेवटी. त्या पानांच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की ही लेखकांची मतं आहेत, कोणत्याही सरकारी यंत्रणेने तपासलेली नाहीत. पैसा कोणाचा तेही बघा: प्रस्ताव ३१ ला विरोध करायला मुख्यतः सिगारेट कंपन्यांनी पैसा ओतला, बाजूने सर्वांत मोठी रक्कम न्यूयॉर्कचे माजी महापौर, अब्जाधीश मायकल ब्लूमबर्ग यांची.

पोस्टाने मत देताना सही पाकिटावर करायची, मतपत्रिकेवर नाही. नोंदणीतल्या सहीशी ती पडताळतात, तेव्हा घाईत गिचमिड नको.

आणि माझ्यासारखी चुकून याचिकेवर सही झालीच, तर ती दाखल होण्याआधी काउंटीच्या (म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या विभागाच्या) निवडणूक अधिकाऱ्याला लेखी कळवून मागे घेता येते. मला हे फार उशिरा समजलं. सार्वमतासाठी ६,२३,२१२ सह्या लागत होत्या, माझीही तिथेच राहिली. जवळपास ६३ टक्के लोकांनी ‘होय’ म्हटलं आणि २१ डिसेंबर २०२२ ला कायदा लागू झाला. त्या ‘होय’मध्ये मात्र मी आणि माझा लेक, आम्ही दोघं होतो.