वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर गाडीत कसा बसवावा

टर्बो मोठा केला, इंजेक्टर बदलले, की एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणारा कंपनीचा नॅरोबँड सेन्सर पुरत नाही. लॅम्डा म्हणजे हवा-इंधनाच्या मिश्रणाचं माप: 1 म्हणजे नेमकं, 1 पेक्षा कमी म्हणजे इंधन जास्त (रिच), 1 पेक्षा जास्त म्हणजे इंधन कमी (लीन). मिश्रण लॅम्डा 1 च्या अलीकडे की पलीकडे, एवढंच त्याला सांगता येतं. फुल थ्रॉटलला लॅम्डा 0.80 आहे की 0.92, हे त्याला कळत नाही, आणि बूस्टवर (टर्बोच्या दाबावर) पिस्टन जायला तेवढा फरक पुरतो. वाइडबँड नेमका आकडा देतो. मात्र तो आकडा खरा यायला बंगची (सेन्सर बसवायला एक्झॉस्ट पाइपवर वेल्ड करायच्या आटेदार कड्याची) जागा आणि अर्थिंग दोन्ही बरोबर लागतात.

बॉश एलएसयू 4.9 सेन्सर असलेला गेजचा किट, एम18×1.5 आट्यांचा बंग आणि त्याचं बूच म्हणजे प्लग, त्याच मापाचा टॅप (आटे पाडायचं हत्यार) आणि 22 चा पाना जवळ ठेवा. पाइप एसएस 304 चा असेल तर बंगही 304 चाच घ्या.

आधी जागा. टर्बोच्या गाडीत बंग डाउनपाइपवर (टर्बोतून निघणाऱ्या एक्झॉस्ट पाइपवर), टर्बोपासून साधारण 45 ते 60 सेंमी पुढे आणि कॅटच्या (कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या) आधी. टर्बोच्या आधी बसवलात तर उष्णता सेन्सर मारते आणि दाबामुळे आकडा चुकतो. कॅटच्या नंतर वायूचं रूपच बदललेलं असतं. टर्बो नसेल तर सगळ्या सिलिंडरचे पाइप एकत्र येतात त्याच्या पुढे.

पाइपकडे समोरून घड्याळासारखं पाहा: सेन्सर 10 ते 2 च्या मध्ये हवा; ते जमतच नसेल तर आडव्या रेषेपासून किमान 10 अंश तरी वर. थंड इंजिन सुरू केलं की पाइपमध्ये पाणी जमतं. सेन्सरच्या आतलं सिरॅमिक सुमारे 780 अंश सेल्सिअसला तापलेलं असतं. त्यावर थेंब पडला की तडा जातो. खाली तोंड करून बसवलेले सेन्सर असेच मरतात. खूण करण्याआधी सेन्सर धरून बघा, गाडीच्या तळाला किंवा ड्राइव्हशाफ्टला वायर लागते का.

वेल्डिंग पाइप गाडीतून काढूनच करा. बंगमध्ये जुना सेन्सर किंवा प्लग घट्ट बसवा, चार ठिकाणी टाके मारा, मग टिग वेल्डिंगने पूर्ण वेल्ड. नाहीतर उष्णतेने आटे वाकतात. गार झाल्यावर टॅप फिरवून आटे साफ करा. वेल्डमध्ये सुईएवढं भोक राहिलं तरी बाहेरची हवा आत ओढली जाते आणि आयडलला गेज खोटं लीन दाखवतो. सीलंट म्हणून सिलिकॉन कुठेही नको, ते सेन्सरला विष आहे. नव्या सेन्सरच्या आट्यांना वंगण लावलेलंच येतं. आधी हाताने फिरवा, मग 40 ते 60 न्यूटन-मीटर.

वायरिंगला घाई नको. 12 व्होल्ट इग्निशन चालू असतानाच मिळणाऱ्या लाइनवरून रिलेने घ्या, किटच्या मॅन्युअलमध्ये दिलेला फ्यूज लावा. फ्युएल पंप किंवा कॉइलच्या वायरला जोड मारू नका. सेन्सरचा कनेक्टर कधीच कापू नका. त्या सेन्सरचा कॅलिब्रेशनचा रेझिस्टर त्यातच असतो. ईसीयूला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) 0-5 व्होल्ट सिग्नल देत असाल तर सिग्नलची अर्थ ईसीयूच्या सेन्सर ग्राउंडजवळच जोडा. एईएमच्या एक्स-सिरीज गेजमध्ये 1 व्होल्टचा बदल म्हणजे 2.375 एएफआरचा (हवा-इंधन प्रमाणाचा) बदल. अर्थिंगमध्ये 0.1 व्होल्टचा फरक आला, तर 0.24 एएफआर चूक आधीच झाली.

तपासणी सोपी आहे. गाडी गरम झाल्यावर सरळ रस्त्यावर गिअरमध्ये थ्रॉटल सोडा: इंधन कट झालं की गेज लीनच्या टोकाला जायला हवा. स्थिर वेगाला तो लॅम्डा 1 च्या आसपास डोलायला हवा. मिसफायर झालं तरी न जळलेला ऑक्सिजन बाहेर येतो आणि गेज लीन दाखवतो, म्हणून इंधन वाढवण्याआधी स्पार्क प्लग बघा.

आकडे लॅम्डामध्ये वाचा, एएफआरमध्ये नको. आपल्याकडच्या ई20 (20 टक्के इथेनॉलच्या) पेट्रोलचं स्टॉइकिओमेट्रिक प्रमाण, म्हणजे लॅम्डा 1 चं हवा-इंधन प्रमाण, सुमारे 13.5 आहे, गेज मात्र 14.7 धरून दाखवतो. लॅम्डा दोन्हीला एकच.

सेन्सर पाइपमध्ये असताना वीज नसेल तर गाडी चालवू नका. गरम न झालेल्या सेन्सरवर काजळी बसते आणि तो कायमचा जातो. गेज बिघडला तर सेन्सर काढा आणि बंगमध्ये प्लग लावा. तो प्लग डिकीतच ठेवा.